वळकटीचा घसारा

आमच्या घराण्यात कुणी लढाई मारल्याची नोंद नाही. कुणी किल्ला सर केला नाही, कुणाला इनाम मिळालं नाही, आणि कुणी संत म्हणूनही निघालं नाही. पण सामान बांधावं ते आमच्याच घराण्यानं! या विद्येतले शेवटचे थोर पुरुष म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. आणि त्यांचं शस्त्र म्हणजे होल्डॉल.

ज्यांनी होल्डॉल पाहिला नाही अशा भाग्यवान तरुण वाचकांसाठी सांगतो. पुरुषभर लांबीचं खाकी कॅनव्हास, दोन्ही टोकांना खिसे, बाजूंना झडपा आणि वरून आवळायला चामड्याचे पट्टे. आत गादी, चादर, उशी हे तर झालंच. शिवाय ट्रंकेनं जे जे म्हणून स्वीकारायचं नाकारलं, त्या सगळ्याला होल्डॉलमध्ये आश्रय मिळे. छत्री, चपला, दुधाची बाटली, एकदा तर चक्क पोळपाट. सगळं भरून झालं, की अण्णा त्यावर गुडघा रोवत, पट्टा दातओठ खाऊन खेचत आणि ओरडत, "बसा रे वर!" मग मी आणि ताई होल्डॉलवर जाऊन बसत असू. पट्टा आणखी दोन भोकं पुढे सरके. अण्णा कपाळावरचा घाम पुसून म्हणत, "सामान कसं, दगड झालं पाहिजे."

या दगडाच्या संस्कारात मी वाढलो. पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि बँकेत चिकटलो. तिथेही बांधाबांधच. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, व्हाउचरांचा गठ्ठा, गठ्ठ्याला दोरी, दोरीला गाठ. माझी गाठ साहेबालाही सुटत नाही, अशी शाखेत माझी ख्याती आहे. साहेब ती तक्रार म्हणून सांगतात, मी ती शिफारस म्हणून ऐकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००७ साली, म्हणजे लग्न झालेलं होतं आणि मुलगी व्हायची होती अशा मोकळ्या काळात, मला हिमालयात पदभ्रमण करण्याची लहर आली. लहर आली की माणूस आधी सामान घेतो. मुंबईतल्या एका दुकानातून मी महिन्याचा निम्मा पगार मोजून एक स्लीपिंग बॅग आणली. निळी, आत पक्ष्याची पिसं भरलेली. हातात घेतली तर वजन नाही, आणि पसरली तर अख्खी खोली तिचीच. हिनं तिच्याकडे पाहून विचारलं, "अहो, हे झोपायचं आहे की माणूस पार्सल करायचं?"

रजा मंजूर झाली होती. तिकिटं काढली होती. आणि निघायच्या चार दिवस आधी शाखेत ऑडिट येत असल्याची वार्ता आली. रजा रद्द. "पुढच्या वर्षी जा," साहेब म्हणाले. हिमालय कुठे पळून जात नाही, हे त्यांचं म्हणणं भूगोलाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. मी घरी आलो आणि ती बॅग बांधायला घेतली. घराण्याचं सगळं कौशल्य पणाला लावलं. घडी घातली, गुंडाळली, गुडघा रोवला, पट्टे आवळले. कलिंगडाएवढी वस्तू मी नारळाएवढी केली. वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डांबराच्या गोळ्या, पिशवीला सुतळी, सुतळीला ती प्रख्यात गाठ. आणि बॉक्सच्या पलंगात अगदी तळाशी, गाद्यांच्या खाली ठेवून दिली. सुरक्षित! पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी पलंगावर गादी नवी आली. पुढची वर्षं तुम्हांला ठाऊक आहेतच, तुमच्याही घरी ती अशीच गेली असतील.

मग २०२४ च्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आमची कन्या म्हणाली, "बाबा, आम्ही मैत्रिणी हिमाचलला ट्रेकला जातोय. तुझी ती स्लीपिंग बॅग आहे ना? आई सांगत होती."

त्या "तुझी ती" मध्ये काय होतं ते मुलींच्या बापांना सांगायला नको. सोळा वर्षांत माझ्याजवळची एखादी वस्तू तिला हवीशी वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी छाती काढून पलंगात उतरलो. गाठ सोडायला वीस मिनिटं लागली. शेवटी विळी आणली. पिशवी उघडली आणि दमट पुस्तक, डांबरगोळी आणि जुनी पेन्शनर चाळ यांचा एकत्रित वास घरभर पसरला. बॅग जमिनीवर अंथरली आणि आम्ही तिघं ती फुगण्याची वाट पाहत उभे राहिलो.

ती फुगली नाही. पंगतीत पापड वाढावा तशी ती पडून राहिली. काही ठिकाणी पिसांच्या गुठळ्या झालेल्या, बाकी ठिकाणी नुसतं कापडाला कापड. कन्येनं हात लावून पाहिला आणि अतिशय सौम्यपणानं म्हणाली, "असू दे बाबा. तिथे भाड्यानं मिळतात."

मुलं ओरडली की बरं वाटतं. ती सौम्य झाली की काळजात कळ येते.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक वस्तू मी एकदाही वापरली नाही, कुणाला दिली नाही, ऊन-वारा लागू दिला नाही, आणि तरी ती बिघडली? हिशेब जुळत नसला की मी मागची पानं चाळतो. ही पानं चाळता चाळता मात्र मी थेट वेल्समध्ये जाऊन पोहोचलो.

वेल्समधल्या न्यूटाउन गावी प्राइस प्राइस-जोन्स नावाचा कापडव्यापारी होता. नाव दोनदा, म्हणजे धंदाही दुप्पट. टपालानं माल विकण्याची कल्पना यशस्वी करून दाखवणाऱ्या पहिल्या काही मंडळींत त्याची गणना होते. खुद्द व्हिक्टोरिया राणी त्याची गिऱ्हाईक. त्यानं १८७६ साली 'युक्लिसिया रग' नावाच्या वस्तूचं पेटंट घेतलं. वस्तू साधी : लोकरीचं कांबळं, त्यात रबरी उशी फुगवून घालायला एक खिसा, आणि कांबळं अंगावर दुमडून घेऊन बंद करायची सोय. आजच्या स्लीपिंग बॅगेची ही पणजी. रशियाच्या सैन्यानं तुर्कांशी चाललेल्या युद्धासाठी ही कांबळी मागवली, पण प्लेव्हनाचा वेढा १८७७ मध्ये संपला आणि उरलेली ऑर्डर रद्द झाली. हजारो कांबळी व्यापाऱ्याच्या गळ्यात! पण त्या भल्या माणसानं ती गोदामात गुडघ्याखाली दाबून ठेवली नाहीत; दुसरीकडे वाटा शोधून खपवली. पहिल्याच पानावर मला पहिली चपराक बसली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७८ च्या शरदात, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक फ्रान्समधल्या सेव्हेन डोंगरांत पायी फिरायला निघाला. तंबू नको म्हणून त्यानं झोपायची थैली शिवून घेतली. सुमारे सहा फूट लांब-रुंद, बाहेरून गाडीवर घालतात तसलं हिरवं जलरोधक कापड, आतून मेंढीची निळी लोकर. रात्री बिछाना आणि दिवसा सामानाची पिशवी. थोडक्यात, होल्डॉल! आमच्या अण्णांना हे कळलं असतं तर त्यांनी त्या लेखकाला नक्की मानलं असतं. पण ही थैली इतकी जड झाली, की ती वाहायला एक गाढवीण विकत घ्यावी लागली. हिशेब त्यानंच लिहून ठेवला आहे : थैलीला ऐंशी फ्रँक आणि बिअरचे दोन पेले, गाढविणीला पासष्ट फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला. म्हणजे जनावरापेक्षा अंथरूण महाग. बँकेतल्या माणसाला असा चोख हिशेब ठेवणारा साहित्यिक भेटला की गहिवरून येतं.

१८८८ मध्ये नॉर्वेच्या नान्सेननं सहा माणसांनिशी ग्रीनलंडचं बर्फ आडवं पार केलं. सहा माणसांत बॅगा दोन, रेनडिअरच्या कातड्याच्या. एकेका बॅगेत तिघे तिघे. आपल्या लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा आपण किती कुरकुरतो! तिथे मधल्याची जागा सर्वांत उबदार असणार आणि कडेचा रात्रभर "जरा सरका" म्हणत असणार. भाषा नॉर्वेजियन असली म्हणून काय झालं?

पण ज्या हकिगतीनं मी अंथरुणात उठून बसलो ती १९११ सालची. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतले तिघे, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड, भर हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. तिथला हिवाळा म्हणजे चोवीस तास रात्र. तापमान उणे साठ सेल्सिअसपर्यंत उतरलं. पाच आठवडे हे तिघं त्या अंधारात स्लेज ओढत होते. झोपायला रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगा, काहींच्या आत आयडर बदकाच्या पिसांचं अस्तर. घडलं असं, की रोज रात्री अंगाचा घाम आणि श्वासातली वाफ बॅगेत जिरायची आणि तिथेच गोठायची. वाळवायला ना ऊन, ना चूल. निघताना तिन्ही बॅगांचं मिळून वजन ५२ पौंड होतं. परत आल्यावर वजन केलं तर ११८ पौंड! साडेतेवीस किलोचे साडेत्रेपन्न किलो झाले. ही वाढ म्हणजे निव्वळ त्यांचाच घाम आणि त्यांचाच श्वास. मुद्दलावर व्याज चढतं हे मला ठाऊक होतं, पण इतक्या दरानं चढलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि आता बांधणीची गंमत पाहा. या बॅगा गुंडाळता येईनात. सकाळी माणूस बाहेर पडला, की काही क्षणांत बॅग असेल त्या आकारात लाकडासारखी व्हायची. म्हणून ते काय करीत, तर बाहेर येताच बॅगेच्या तोंडात आपल्या सामानाचं बोळकं कोंबून ठेवीत. रात्री ते बाहेर ओढलं, की निदान शिरण्यापुरतं भोक तरी शिल्लक असे! मग त्या भोकातून पाय घालायचे आणि अंगाच्या उबेनं इंच इंच बर्फ वितळवत आत सरकायचं. सगळ्या उपद्व्यापात हाती आली तीन अंडी. चेरी-गॅरार्डनं १९२२ साली हे सगळं पुस्तकात लिहिलं. पुस्तकाचं नावच 'जगातला सर्वांत वाईट प्रवास' अशा अर्थाचं आहे. त्यांनी उणे साठ तापमानातसुद्धा बॅगेचं तोंड उघडं राहील एवढी काळजी घेतली, आणि मी डोंबिवलीत, छत्तीस अंश तापमानात, तिच्या तोंडाला सुतळी बांधली होती!

त्याच १९२२ साली एव्हरेस्टच्या मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं फुग्याच्या विमानाचं कापड घेऊन त्यात आयडरची पिसं भरून कोट शिवून घेतला. लोकर आणि ट्वीडवाले सोबती आधी हसले, मग थंडी पडल्यावर हेव्यानं पाहू लागले. प्राणवायूची नळकांडी घेऊन तो सुमारे ८,३०० मीटरपर्यंत चढला. आणि वाचकहो, हा फिंच पुढे कुठे आला असेल? पुण्याला! १९५२ ते १९५७ या काळात तो राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे आपल्या एन.सी.एल.चा संचालक होता. एव्हरेस्टवर पिसांचा कोट घालून गेलेला माणूस पाच वर्षं पाषाणला राहिला आणि आपण पुणेकरांना थंडीत नुसत्या कानटोप्या घालू दिल्या, हे बरं झालं नाही.

आणि १९५३ च्या २८ मेची रात्र तर सर्वांना ठाऊक असायला हवी. एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, सुमारे साडेआठ हजार मीटरवर, हिलरी आपले बूट काढून झोपला. तेनसिंग पायांत घालूनच झोपला. सकाळी हिलरीचे बूट दगड. स्टोव्हवर ते शेकण्यात दोन तास गेले, मग जगाच्या माथ्यावर जायची वेळ आली. 'सामान कसं, दगड झालं पाहिजे' हे अण्णांचं वचन मला त्या रात्री प्रथमच शंकास्पद वाटलं.

तर इतका इतिहास पालथा घातल्यावर दोष कुठे होता ते कळलं. गुन्हेगार मीच. बॅग उब देते हाच मुळात आपला गैरसमज. ती काही देत नाही. आपलीच उब ती जाऊ देत नाही. पक्ष्याच्या छातीवर परांच्या खाली जी लव असते, तिला पिसासारखा दांडा नसतो; एका बिंदूतून सगळीकडे फुटलेले तंतू असतात. या तंतूंच्या जाळ्यात हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पलीकडे नेत नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो पिसांचे आणि पांघरतो हवा! ती हवाच मी गुडघ्यानं काढून टाकली होती. प्रवासापुरती बॅग दाबली तर ती रात्री पुन्हा उठते. पण वर्षानुवर्षं दाबली तर तंतू वाकतात, उठायचं विसरतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा. थोडी ओल आत राहिली की बुरशी आणि वास. कृत्रिम धाग्यांच्या बॅगा ओल सोसतात, पण दाबणं त्यांना पिसांपेक्षाही कमी सोसतं.

हे वाचताना मला बँकेतली एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वी नोटांची पाकिटं सुटू नयेत म्हणून त्यांना पिना मारत. शंभर नोटा अगदी सुरक्षित! फक्त पाकीट सोडताना प्रत्येक नोटेला भोकं पडत, कोपरे फाटत. रिझर्व्ह बँकेनं स्वच्छ नोटांचं धोरण आणलं, २००१ मध्ये पिना बंद केल्या आणि कागदी पट्टी आली. नोटांना गिऱ्हाइकानं केलेल्या इजेपेक्षा आम्ही सांभाळताना केलेली इजा काही कमी नव्हती. बचत खात्याचंही तसंच : दोन वर्षं गिऱ्हाइकानं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय, आणि दहा वर्षं उलटली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. माझी बॅग सतरा वर्षं निष्क्रिय होती. कॉलेजात आम्हांला घसारा शिकवला तो वापरानं होणारा. न वापरल्यानं होणारा घसारा कोणत्या पद्धतीनं काढायचा, हे मात्र कुणी शिकवलं नाही. आणि तो नुसत्या वस्तूंवर पडतो असंही नाही, हे मला त्या पलंगावर रात्री दोन वाजता समजलं. माझ्याही काही लहरी, काही इच्छा त्याच बॉक्समध्ये, त्याच गाठीनं बांधून ठेवलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी सुश्रूषेला लागलो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात न्हाणीघरातच बॅग हलक्या हातानं दाबून दाबून धुतली. ओली बॅग एका टोकानं उचलायची नाही, पाण्याच्या भारानं आतले कप्पे फाटतात; म्हणून मी आणि ही, दोघं मिळून, बाळंतिणीला हलवावं तशी ती गच्चीवर नेली. सावलीत पसरली. दर तासाला जाऊन बोटांनी गुठळ्या फोडायच्या. तीन दिवस लागले. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय वाळत घातलंय?" मी म्हटलं, "सतरा वर्षं." ते पापडाचं पीठ समजून गेले.

चौथ्या दिवशी बॅग उठली. पूर्ण नाही, सत्तर टक्के म्हणा. ट्रेकला कन्येनं भाड्याचीच बॅग घेतली, आणि ते बरोबरच होतं, तिथल्या थंडीशी सत्तर टक्क्यांनी तडजोड होत नाही. ती परत आली तेव्हा मी तिला विचारलं, "ही माझी बॅग कुठवर चालेल?"

"सह्याद्रीत मस्त चालेल," ती म्हणाली. "येतोस?"

रजेचा अर्ज लिहिताना हात थोडा थरथरला. साहेब म्हणाले, "डिसेंबरात? तिमाही अखेर आहे." मी म्हटलं, "साहेब, हरिश्चंद्रगड कुठे पळून जात नाही, हे खरं. पण मी जातो." रजा मिळाली. गडावरच्या लेण्यात, कातळावर आधी चटई, कारण अंगाखाली दाबलेली पिसं उब धरत नाहीत, आणि चटईवर मी, माझ्या निळ्या बॅगेत. वारा लेण्याच्या तोंडाशी येऊन परत जात होता. शेजारच्या बॅगेतून कन्या म्हणाली, "बाबा, थंडी वाजतेय का?" मी म्हटलं, "नाही गं." आणि खरोखरच वाजत नव्हती. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला सत्तर टक्के पुष्कळ होतात.

सकाळी सामान आवरायला घेतलं. हात सवयीनं चालू लागले. घडी घातली, गुंडाळली, गुडघा रोवला. कन्येनं गुडघ्यावर हात ठेवला. "घडी नको बाबा. तिथेच तिथे मोड पडते. पायाकडून धरून पिशवीत कोंबायची, कशीही. आणि घरी गेल्यावर बाहेर काढून वाळवायची, मोठ्या सुती पिशवीत सुटी ठेवायची."

"किती दिवस?" मी विचारलं.

"काय किती दिवस?"

"सुटी."

ती हसली. आता बॅग आमच्या शयनगृहात दाराच्या मागे, उशीच्या जुन्या मोठ्या अभ्र्यात लटकते. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय लटकतंय? जागा अडते म्हणून ही कुरकुर करते. पण गाठ मारायला सुतळी मागितली की देत नाही.